चेन्नईतल्या कॅम्पसचे सोहळे: पदवीच्या झग्यापासून बसच्या टपापर्यंत

५ सप्टेंबर म्हटलं की तुमच्या घरातल्या शाळकरी मुलांना काय आठवतं? शिक्षक दिन. बाईंना द्यायचं गुलाबाचं फूल आणि दहावीच्या मुलींनी साड्या नेसून खालच्या वर्गांवर घेतलेले तास. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांचा जन्मदिवस आपण १९६२ पासून असा साजरा करतो. पण त्यांच्या जन्माच्या ३१ वर्षं आधी, १८५७ च्या ५ सप्टेंबरलाच मद्रास विद्यापीठाची स्थापना झाली होती. राधाकृष्णन पुढे याच विद्यापीठाचे पदवीधर झाले आणि १९०९ साली याच शहरातल्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवू लागले. हा निव्वळ योगायोग आहे, पण चेन्नईत तुमची एक मोकळी सकाळ त्या विद्यापीठाकडे वळवायला मला तो पुरेसा वाटतो.

चेन्नईला जाणाऱ्या मराठी कुटुंबाचा कार्यक्रम साधारण ठरलेला असतो. तिरुपतीहून उतरायचं, मरीना बीच बघायचा, कपालीश्वराचं देऊळ, टी. नगरात कांजीवरम साडी, मग महाबलीपुरम. मरीनावर सगळे समुद्राकडे तोंड करून उभे राहतात. तुम्ही एकदा पाठ फिरवून रस्त्याच्या पलीकडे बघा. लाल विटांच्या, घुमटांच्या, कमानींच्या इमारतींची जी रांग दिसते ती बरीचशी विद्यापीठाची आणि कॉलेजांची आहे. इथे दीडशेहून अधिक वर्षं पदवीदान, शताब्दी, स्नेहसंमेलनं आणि पोंगल साजरे होत आले आहेत. त्या समारंभांत कोण आत होतं आणि कोण फाटकाबाहेर, हे बघत चाललात तर या इमारती नुसत्या देखण्या वाटणार नाहीत.

झगा, मिरवणूक आणि एक तंजावरी मराठी माणूस

नेपियर पुलावरून कूवम नदी ओलांडून दक्षिणेकडे आलात की उजव्या हाताला विद्यापीठाचं आवार लागतं. त्यातली सर्वांत देखणी वास्तू म्हणजे सेनेट हाउस. १८७४ ते १८७९ या काळात ती बांधली गेली. वास्तुकार होता रॉबर्ट चिझम. त्याचं नाव ओळखीचं वाटत नसेल, पण बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा तुम्ही पाहिला असेल. त्या वाड्याचा मूळ वास्तुकार मेजर मँट मध्येच वारला आणि काम चिझमने पुरं केलं. बडोदा कॉलेजचा तो प्रचंड घुमटही त्याचाच. सयाजीरावांच्या बडोद्याची जी ऐट आपण कौतुकाने सांगतो, तिचा सराव चिझमने मद्रासच्या या किनाऱ्यावर केला होता.

सयाजीराव अल्पवयीन असताना बडोद्याचा कारभार सांभाळणारे दिवाण कोण होते? सर टी. माधवराव. त्या ‘टी’चा अर्थ तंजावर. कुंभकोणमला जन्मलेले, तंजावरच्या मराठी घराण्यातले माधवराव मद्रासमध्येच शिकले. ते ज्या शाळेत शिकले तिचं नाव गमतीचं आहे: मद्रास विद्यापीठाची हायस्कूल. गंमत अशी की ती १८४१ साली सुरू झाली आणि विद्यापीठ स्थापन झालं त्यानंतर १६ वर्षांनी! आधी शाळा, मग विद्यापीठ. १८४६ मध्ये माधवराव तिथून पहिल्या वर्गात बाहेर पडले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी त्यांनी केली. हीच शाळा पुढे प्रेसिडेन्सी कॉलेज झाली.

ती शाळा सुरू झाली तेव्हा मद्रासचा गव्हर्नर होता लॉर्ड एल्फिन्स्टन. हा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचा पुतण्या. नंतर तो मुंबईचा गव्हर्नर झाला आणि १८५७ च्या जुलैत मुंबई विद्यापीठ स्थापन झालं तेव्हाही तोच गादीवर होता. मुंबईकर ज्या स्टेशनाला परवापरवापर्यंत एल्फिन्स्टन रोड म्हणत होते, ते याच्याच नावाचं. कलकत्ता जानेवारीत, मुंबई जुलैत आणि मद्रास सप्टेंबरात; उत्तरेत उठाव पेटला, त्याच एका वर्षात तीन विद्यापीठं उभी राहिली.

या विद्यापीठाचा सर्वांत जुना सोहळा म्हणजे पदवीदान. गव्हर्नर हाच कुलपती. लंडनच्या नमुन्यावर बेतलेले काळे झगे, रंगीत पट्टे, अधिकाऱ्यांची शिस्तशीर मिरवणूक आणि मग उपदेशाचं लांबलचक इंग्रजी भाषण. मद्रासच्या दमट हवेत तो झगा अंगावर घेणं ही वेगळीच परीक्षा असणार. पण पदवीदानाच्या दिवशी कुणी तक्रार करत नाही. तेव्हाही केली नसेल.

पहिले बी.ए. झालेले दोघंही मद्रासचे नव्हते, हे मला फार आवडतं. सी. वै. तामोदरम पिल्लै आणि कॅरोल विश्वनाथ पिल्लै हे दोघे समुद्रापलीकडच्या जाफन्याचे, म्हणजे आजच्या श्रीलंकेचे. तामोदरम पिल्लै यांनी इंग्रजी पदवी घेतली आणि पुढे आयुष्याचा मोठा भाग जुन्या ताडपत्रांवरची तमिळ पुस्तकं शोधून, ताडून छापण्यात घालवला. प्राचीन तमिळ वाङ्मयातले ‘तोल्काप्पियम’ आणि ‘कलित्तोगै’ यांसारखे ग्रंथ छापील रूपात आले, त्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

सेनेट हाउससमोर एक पुतळा आहे, सर एस. सुब्रमण्य अय्यर यांचा. विद्यापीठाच्या कुलगुरूपदाची सूत्रं सांभाळणारे ते पहिले भारतीय. होमरूल चळवळीच्या काळात त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांना थेट पत्र लिहिलं, त्यावरून इंग्रज सरकार चिडलं, तेव्हा या गृहस्थांनी आपली ‘सर’ ही पदवी परत केली. पदव्या देणाऱ्या इमारतीच्या दारात, मिळालेली पदवी परत करणारा माणूस उभा आहे. मुलांना हा पुतळा जरूर दाखवा.

पदवी न मिळालेल्या माणसाची गोष्टही इथलीच आहे. श्रीनिवास रामानुजन गणित सोडून बाकीच्या विषयांत लक्ष घालत नसत, त्यामुळे एफ.ए.च्या परीक्षेत नापास झाले. पच्चैयप्पा कॉलेजात पुन्हा प्रयत्न केला, तिथेही नापास. पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनी करू लागले. पण याच मद्रास विद्यापीठाने नियम जरा बाजूला ठेवून १९१३ साली त्यांना महिना ७५ रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती दिली. पदवी अखेर मिळाली ती केंब्रिजची, १९१६ मध्ये. मद्रासच्या पदवीदान मिरवणुकीत ते कधीच चालले नाहीत. आज त्यांच्या नावाची गणित संस्था याच चेपॉक परिसरात आहे आणि त्यांचा जन्मदिवस, २२ डिसेंबर, देशभर गणित दिन म्हणून साजरा होतो. ती घोषणाही पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी चेन्नईतच केली होती.

सेनेट हाउसच्या मोठ्या दालनाने पदवीदानाखेरीज आणखीही बरंच पाहिलं. तिथे परीक्षा झाल्या. १९३७ साली राजगोपालाचारी मद्रास प्रांताचे प्रमुख झाले, तेव्हा विधानसभेच्या सुरुवातीच्या बैठका याच दालनात भरल्या. नंतर मात्र इमारतीला वाईट दिवस आले. रंगीत काचा, छतावरची चित्रं सगळं काळवंडलं. विद्यापीठाच्या १५० व्या वर्षाच्या निमित्ताने तिची दुरुस्ती झाली आणि आतले रंग पुन्हा दिसू लागले. एरवी ती बंदच असते, त्यामुळे आत जायला मिळेल असं धरून चालू नका. बाहेरून, सकाळच्या उन्हात पाहिलीत तरी पुष्कळ.

स्वतःलाच भेट दिलेलं घड्याळ

तिथून पुढे चेपॉकचा जुना नवाबी राजवाडा ओलांडला की प्रेसिडेन्सी कॉलेज येतं. हीही इमारत चिझमचीच, १८७० साली सुरू झालेली. घुमटावर चारही बाजूंना तबकड्या असलेलं घड्याळ आहे. ते मूळ इमारतीबरोबरचं नाही. १९४० साली कॉलेजने शताब्दी साजरी केली, तेव्हा हा घड्याळाचा घुमट चढवला गेला आणि त्याला प्राचार्य फायसन यांचं नाव मिळालं. शंभराव्या वाढदिवसाला घड्याळ, ही भेट मला तरी अगदी मास्तरी थाटाची वाटते.

चंद्रशेखर वेंकट रामन यांनी बी.ए. आणि एम.ए. इथूनच केलं. त्यांचे पुतणे सुब्रमण्यन चंद्रशेखर हेही इथलेच. एका घरातली दोन नोबेल पारितोषिकं एकाच कॉलेजच्या खात्यात.

या रस्त्यावर सगळेच प्रसंग मात्र आनंदाचे झाले नाहीत. २६ जानेवारी १९६५ या प्रजासत्ताक दिनापासून हिंदी ही केंद्राची एकमेव राजभाषा होणार, या भीतीने मद्रासचे विद्यार्थी आदल्याच दिवशी रस्त्यावर उतरले. मोर्चा समुद्रालगतच्या फोर्ट सेंट जॉर्जकडे, सरकारी कचेरीकडे गेला. मुख्यमंत्री भक्तवत्सलम यांनी भेट नाकारली. आंदोलन राज्यभर पसरलं, त्यात माणसं दगावली. दोन वर्षांनी निवडणूक झाली तेव्हा विरुदुनगरमध्ये एका विद्यार्थी नेत्याने चक्क कामराजांना हरवलं. आपल्याकडच्या वाचकांना हे सांगायचं कारण एवढंच की, इथे कुणी तुमच्या हिंदीला उत्तर दिलं नाही, तर त्यामागे हा इतिहास आहे. दोन शब्द तमिळ किंवा मोडकं इंग्रजी बोला, चेहरे लगेच सैल होतात.

आणखी एक. इथल्या कुठल्याही कॉलेजच्या कार्यक्रमाला तुम्ही बसलात, तर सुरुवातीला ‘तमिळ ताय वाळ्त्तु’ म्हणजे तमिळ मातेचं स्तवन होतं. २०२१ च्या डिसेंबरात सरकारने त्याला राज्यगीताचा दर्जा दिला. सगळे उभे राहतात, आपणही राहायचं.

पुढे रस्त्याच्या त्याच बाजूला, एकेकाळी बर्फ साठवायची वखार होती ते विवेकानंद भवन. फेब्रुवारी १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद परदेशातून परतून मद्रासला उतरले, तेव्हा विद्यार्थ्यांनी त्यांच्या गाडीचे घोडे सोडून ती स्वतः ओढत इथवर आणली, असं सांगतात. सेनेट हाउसमधल्या मोजूनमापून चाललेल्या मिरवणुकीपुढे ही घामाघूम मिरवणूक ठेवून बघा.

मुलींनी वाचवलेलं कॉलेज

विवेकानंद भवनाच्या पुढे, अजून समुद्राच्याच समोर, क्वीन मेरीज कॉलेज आहे. १९१४ साली ‘मद्रास कॉलेज फॉर विमेन’ या नावाने ते कॅपर हाउस नावाच्या बंगल्यात सुरू झालं. शहरातलं मुलींचं हे पहिलं कॉलेज. पहिल्या प्राचार्य होत्या डोरोथी डी ला हे. तीन वर्षांनी राणी मेरीचं नाव मिळालं.

पुढची नव्वद वर्षं इथे स्नेहसंमेलनं झाली, नाटकं झाली, बक्षीस समारंभ झाले. मग २००३ साली सरकारने ठरवलं की ही जागा मोक्याची आहे, इथे नवं सचिवालय बांधू, कॉलेज दुसरीकडे हलवू. मुली हलल्या नाहीत. त्यांनी कॉलेजच्या आवारातच ठिय्या दिला. रात्रंदिवस तिथेच. माजी विद्यार्थिनी, शिक्षक, शहरातली माणसं त्यांच्या बाजूने उभी राहिली. अखेर योजना बारगळली.

२०१४ मध्ये या कॉलेजने शंभरी साजरी केली. शताब्दीचे समारंभ साधारण सगळीकडे सारखेच असतात: पाहुणे, स्मरणिका, समईचं दीपप्रज्वलन, जुन्या विद्यार्थिनींचं एकमेकींना न ओळखणं आणि मग ओळखून किंचाळणं. पण अकरा वर्षांपूर्वी ठिय्या दिलेल्या मुली तेव्हा तिशीच्या आसपास असतील. मूळचं कॅपर हाउस मात्र आता राहिलेलं नाही.

इथवर चालत आलात तर दोन-अडीच किलोमीटर झाले असतील आणि पोटात कावळे कोकलू लागले असतील. सकाळ असेल तर मागे वळून ट्रिप्लिकेनमधल्या रत्ना कॅफेत जा. १९४८ पासूनचं हॉटेल आहे आणि इथे इडली सांबारात बुडवून नाही, जवळजवळ पोहवून खातात. संध्याकाळ असेल तर वाळूवर उतरा आणि सुंडल घ्या: उकडलेले वाटाणे, खोबरं, कैरीचे तुकडे. कागदाच्या पुडीत मिळतं आणि एकाने भागत नाही.

‘ही’ खोडून ‘शी’

आता समुद्र सोडून शहराच्या आत, गिंडीला जाऊ. लोकल गाडीने किंवा मेट्रोने जाता येतं. सरदार पटेल रोडवर अण्णा विद्यापीठाचं मोठं फाटक आहे आणि आत कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, गिंडी. अण्णा विद्यापीठ १९७८ चं, पण कॉलेजचं मूळ १७९४ मध्ये आहे. म्हणजे पुण्यात सवाई माधवराव पेशवे गादीवर होते, महादजी शिंदे नुकतेच वारले होते, तेव्हा इकडे ईस्ट इंडिया कंपनीने जमीन मोजायला शिकवणारी शाळा काढली. आठ मुलं होती. आधी मुलूख मोजायचा आणि मग ताब्यात ठेवायचा, हा कंपनीचा हिशेब. त्या शाळेचं १८५९ मध्ये इंजिनिअरिंग कॉलेज झालं आणि १९२० मध्ये ते गिंडीच्या आजच्या लाल इमारतीत आलं.

इथल्या पदवीदानाची एक गोष्ट घरातल्या प्रत्येक मुलीला सांगण्यासारखी आहे. ए. ललिता यांचं लग्न पंधराव्या वर्षी झालं. अठराव्या वर्षी पती वारले, तेव्हा मुलगी चार महिन्यांची होती. त्या काळात अशा मुलीचं पुढे काय व्हायचं ते आपल्या आज्या-पणज्यांच्या गोष्टींतून आपल्याला ठाऊक आहे. ललितांचे वडील पप्पू सुब्बाराव याच कॉलेजात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक होते. त्यांनी प्राचार्य के. सी. चाको यांच्याकडे शब्द टाकला, परवानग्या मिळवल्या आणि मुलीला कॉलेजात घातलं. शेकडो मुलांत एकटी मुलगी! पण तिला फार काळ एकटं राहावं लागलं नाही. पुढच्याच वर्षी लीलम्मा जॉर्ज आणि पी. के. थ्रेसिया या दोघी सिव्हिल इंजिनिअरिंगला आल्या. दुसऱ्या महायुद्धामुळे अभ्यासक्रम आटोपता घेतला गेला आणि तिघींचं शिक्षण एकदमच पुरं झालं.

मग प्रमाणपत्रांची वेळ आली. छापील मसुद्यात ‘ही’ म्हणजे ‘तो’ असंच होतं. बाई इंजिनिअर होईल असं छापखान्याला कुणी सांगितलंच नव्हतं. शेवटी ‘ही’ खोडून ‘शी’ लिहावं लागलं. दीडशे वर्षांच्या कॉलेजच्या इतिहासात त्या एका खाडाखोडीपेक्षा मोठा सोहळा झाला असेल असं मला वाटत नाही.

ललिता पुढे विजेच्या मोठ्या प्रकल्पांवर काम करत राहिल्या आणि १९६४ साली न्यूयॉर्कला भरलेल्या स्त्री इंजिनिअर आणि शास्त्रज्ञांच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेला गेल्या. थ्रेसिया केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या.

आता इथे मुली भरपूर आहेत. १९४८ पासून चालत आलेला ‘टेकोफेस’ हा त्यांचा सांस्कृतिक महोत्सव दक्षिणेतल्या सर्वांत जुन्या कॉलेज महोत्सवांपैकी एक आहे. मला त्याहून जास्त गोडी वाटते ती आयुधपूजेची. आपली खंडेनवमीच ती. इंजिनिअरिंग कॉलेजांच्या वर्कशॉपमध्ये लेथ मशीनला गंध-फूल, करवतीला हार, कोपऱ्यात चुरमुरे आणि चण्यांचा प्रसाद. जी यंत्रं वर्षभर मुलांना रडवतात, त्यांच्यापुढे एक दिवस हात जोडायचे.

पोंगलच्या सुट्टीआधी जवळपास प्रत्येक कॉलेजच्या अंगणात चूल मांडली जाते. मुलं वेष्टी नेसून, मुली साड्या नेसून येतात, उसाची मोळी उभी करतात, कोलमच्या स्पर्धा लागतात. मडक्यातला भात उतू गेला की ‘पोंगलो पोंगल’चा गजर. दूध उतू गेलं की आपल्याकडे बोलणी बसतात, इथे टाळ्या पडतात! अनेक ठिकाणी याला ‘समत्तुव पोंगल’ म्हणतात, म्हणजे समतेचा पोंगल. सगळ्या जातीधर्मांच्या मुलांनी एकाच चुलीवर शिजवायचं, ही त्यामागची कल्पना.

हरणांच्या रानातला सारंग

त्याच सरदार पटेल रोडवर पुढे आयआयटी मद्रासचं फाटक आहे. ३१ जुलै १९५९ ला संस्था सुरू झाली, पश्चिम जर्मनीच्या मदतीने. म्हणून आतल्या मुख्य रस्त्याचं नाव बॉन अव्हेन्यू. जमीन गिंडीच्या जंगलातून काढून दिलेली, त्यामुळे मूळचे रहिवासी अजून तिथेच आहेत: चितळ, काळवीट, माकडं. वसतिगृहांना नद्यांची नावं आहेत. गोदावरी, कृष्णा, नर्मदा, तापी अशा आपल्या ओळखीच्या नद्या एका आवारात शेजारी शेजारी नांदतात.

१९६४ च्या पहिल्या पदवीदानाला राष्ट्रपती राधाकृष्णन स्वतः आले होते. मद्रास विद्यापीठाचा जुना विद्यार्थी नव्या संस्थेच्या पहिल्या तुकडीला पदव्या द्यायला आला होता.

मुलांचा स्वतःचा उत्सव मात्र १९७४ मध्ये सुरू झाला. नाव होतं ‘मार्डी ग्रा’, थेट परदेशी कार्निव्हलवरून उचललेलं. १९९६ मध्ये ते बदलून ‘सारंग’ केलं. त्याच वर्षी मद्रासचं चेन्नई झालं. शहराचं नाव बदललं, उत्सवाचं बदललं, पण संस्थेचं आणि जुन्या विद्यापीठाचं नाव ‘मद्रास’च राहिलं! सारंग म्हटलं की मराठी कानाला आधी दुपारचा राग आठवतो, पण संस्कृतात सारंग म्हणजे हरीणही. हरणांच्या आवारातल्या उत्सवाला हे नाव शोभतं.

जानेवारीत काही दिवस हा सोहळा चालतो. संध्याकाळचे मोठे कार्यक्रम ‘ओएटी’ या खुल्या रंगमंचावर. हजारो मुलं दगडी पायऱ्यांवर बसतात. एरवी शनिवारी रात्री तिथे सिनेमा दाखवायची जुनी पद्धत आहे आणि पडद्यावरच्या संवादांपेक्षा प्रेक्षकांच्या शेरेबाजीला जास्त हशा पडतो, असं तिथले जुने विद्यार्थी मिटक्या मारत सांगतात. तंत्रज्ञानाचा ‘शास्त्र’ हा वेगळा महोत्सव २००० साली सुरू झाला. सगळं व्यवस्थापन विद्यार्थ्यांचं. प्रायोजक, तिकिटं, सुरक्षा, ध्वनिव्यवस्था सगळं तेच बघतात.

बाहेरच्यांना आत जायला नोंदणी लागते, ती आधी ऑनलाइन बघून घ्या. आणि मुलांना बरोबर नेलंत तर हरणांना काही खायला घालू देऊ नका. प्लास्टिक तर मुळीच मागे ठेवू नका, हरणं ते गिळतात.

ज्या उत्सवाला फाटक नाही

आता त्या उत्सवाकडे येते, ज्याचं पत्रक कुणी छापत नाही. ‘बस डे’.

प्रेसिडेन्सी, पच्चैयप्पा अशा सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत शिकणारी कितीतरी मुलं उत्तर चेन्नईतून, उपनगरांतून, खेड्यांतून शहर बसने येतात. घरातली पहिलीच पिढी कॉलेज बघणारी. त्यांच्याकडे वसतिगृह नाही, खुला रंगमंच नाही. त्यांचा कॅम्पस म्हणजे रोजची बस. तीन वर्षं त्याच मार्गावर, त्याच फूटबोर्डवर, पत्र्यावर ठेका धरून ‘गाना’ म्हणत जायचं. गाना म्हणजे उत्तर चेन्नईच्या वस्त्यांतली गाणी. मरणापासून प्रेमापर्यंत सगळं त्यात असतं. या मुलांनी वर्षातून एक दिवस ठरवला. बसला केळीचे खुंट बांधायचे, हार घालायचे, ड्रायव्हर-कंडक्टरला शाल किंवा भेटवस्तू द्यायची आणि वाजतगाजत कॉलेजपर्यंत यायचं. रोज आपल्याला वेळेवर पोचवणाऱ्या माणसांचे आभार, ही त्यामागची मूळ कल्पना.

कल्पना सुंदर होती. पुढे ती बिघडली. मार्गामार्गांत चुरस लागली, प्रत्येक मार्गाचा एक म्होरक्या, मग मारामाऱ्या, दगडफेक, अडलेली वाहतूक. मद्रास उच्च न्यायालयाने बस डेवर बंदी घातली. तरी तो होत राहिला. जून २०१९ मध्ये एका बसच्या टपावर चढलेली मुलं बसने अचानक ब्रेक लावताच ढिगाने खाली रस्त्यावर कोसळली. तो व्हिडिओ बहुतेक तुमच्याही फोनवर आला असेल. आपण सगळे हसलो आणि पुढे पाठवला.

टपावर नाचणं बंद व्हायलाच हवं, त्यात दुमत नाही. कुणाच्या तरी घरातला पहिला पदवीधर एका ब्रेकने जाऊ शकतो. पण दोन उत्सव शेजारी ठेवून बघितले की मला अस्वस्थ व्हायला होतं. एका आवारातल्या गोंगाटाला प्रायोजक मिळतात, रोषणाई मिळते, वर्तमानपत्रात कौतुक होतं. दुसऱ्या मुलांच्या गोंगाटाला पोलीस मिळतात. त्यांनाही एखादं मैदान, एक संध्याकाळ आणि बरा माइक मिळाला असता तर? सजवलेली बस कॉलेजच्या आवारात उभी करून ड्रायव्हरकाकांचा सत्कार प्राचार्यांच्या हस्ते करता आला नसता का? जानेवारी २०१७ मध्ये जल्लीकट्टूसाठी हीच मुलं, आयटी कंपन्यांतल्या मुलांच्या खांद्याला खांदा लावून, जवळजवळ आठवडाभर मरीनावर बसली होती. शेवटचा दिवस हिंसक झाला खरा, पण तोवर रोज सकाळी वाळूवरचा कचरा ती स्वतः उचलत होती. शिस्त त्यांना येत नाही असं म्हणणं मला पटत नाही.

तेव्हा या कॅम्पस-फेरीत एक प्रवास टॅक्सीने न करता शहर बसने करा. सकाळी साडेआठ-नऊच्या सुमाराला, कॉलेजच्या वेळेला. गर्दी असेल. बायकांनी डावीकडच्या आसनांवर बसायचं, पुरुषांनी उजवीकडे, हा इथला रिवाज. मागच्या दारात पाच-सहा मुलं लटकत असतील, एकाच्या हातात एखादी वही, तीही गुंडाळलेली. मध्येच कुणीतरी पत्र्यावर बोटं वाजवायला सुरुवात करेल आणि बाकीचे सूर लावतील. कंडक्टर शिट्टी वाजवून ओरडेल, त्यांना आत यायला सांगेल. मुलं एक पायरी वर सरकतील आणि गाणं चालू ठेवतील. शब्द तुम्हाला कळणार नाहीत, ठेका कळेल. चेपॉकला उतरायचं असेल तर एक स्टॉप आधीच दाराकडे निघा, मुलं वाट करून देतात.